पोटेमकिनचे बंड आणि परक्यांची वृत्तपत्रे

(एका वसंत व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



ज्या बंडाविषयी आज बोलायचे आहे, त्यावरचा आयझेनस्टाइनचा चित्रपट आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल. ओडेसाच्या पायऱ्यांवरून घरंगळत जाणारी ती बाबागाडी! ते दृश्य १९२५ साली दिग्दर्शकाने उभे केले. प्रत्यक्षात मोठा संहार झाला तो मुख्यतः बंदराच्या परिसरात, आगीच्या उजेडात. तेव्हा चित्रपट बाजूला ठेवू. बंड चालू असताना परक्या देशांतील वृत्तपत्रांनी ते कोणत्या डोळ्यांनी पाहिले, एवढाच माझा विषय आहे.

आधी प्रसंग थोडक्यात. २७ जून १९०५. ‘प्रिन्स पोटेमकिन’ ही काळ्या समुद्रातील रशियन आरमाराची नवीकोरी युद्धनौका तेन्द्रा बेटाजवळ उभी होती. खलाशांसाठी आणलेल्या मांसात अळ्या वळवळत होत्या. जहाजावरच्या डॉक्टरने मात्र ते खाण्यालायक असल्याचा निर्वाळा दिला. खलाशांनी त्या मांसाचे सूप नाकारले, दमदाटी झाली, वाकुलेंचुक नावाच्या खलाशाला एका वरिष्ठ अधिकाऱ्याने गोळी घातली आणि मग काही आवरले नाही. कप्तान गोलिकोव्हसह सात अधिकारी मारले गेले. मात्युशेंको या खलाशाच्या पुढारीपणाखाली लाल निशाण फडकवीत नौका ओडेसाला आली. वाकुलेंचुकचा मृतदेह धक्क्यावर ठेवण्यात आला, तो पाहायला शहर लोटले. तेथून रुमानिया, पुन्हा रशियन किनारा, पुन्हा रुमानिया अशी भ्रमंती करून ८ जुलैला कॉन्स्टान्झा बंदरात तिने शरणागती पत्करली. झार निकोलसने आपल्या दैनंदिनीत लिहिले की, यावर विश्वासच बसत नाही.

लंडनच्या पत्रांचा मात्र लगेच विश्वास बसला! का बसू नये? इराण, अफगाणिस्तान, तिबेट, जेथे म्हणून इंग्रजांची नजर होती तेथे त्यांना रशियाचे भूत दिसत असे. १९०२ मध्ये इंग्लंडने जपानशी मैत्रीचा करार केला होता. ऑक्टोबर १९०४ मध्ये रशियन आरमाराने उत्तर समुद्रात ब्रिटिश मच्छिमारांच्या नौकांना जपानी टॉर्पेडो-नौका समजून त्यांच्यावर तोफा डागल्या होत्या, तो संताप ताजा होता. आणि ‘टाइम्स’चा सेंट पीटर्सबर्गमधील बातमीदार ब्रॅहम याला रशियाने १९०३ मध्येच देशाबाहेर घालवले होते. अशा पत्राकडून झारविषयी ममत्वाची अपेक्षा कोण करील? महिन्यापूर्वी त्सुशिमाच्या समुद्रात जपानने रशियन आरमार बुडवले होते. जे उरले तेही आतून किडले आहे, हा अर्थ त्या अळ्यांतून आपोआप निघत होता.

मात्र खलाशांविषयीचे हे प्रेम नव्हे, हे ध्यानात घ्यावे. ओडेसा हे गव्हाच्या निर्यातीचे मोठे बंदर. तेथील गोदामे जळाली, तेव्हा लंडनच्या व्यापाऱ्यांचेही हितसंबंध त्यात गुंतले होते. प्रतिस्पर्ध्याच्या घराला आग लागावी, पण आपला माल तेवढा वाचावा, असा तो सारा व्यवहार! एक्केचाळीस वर्षांनी, फेब्रुवारी १९४६ मध्ये, आपल्या मुंबईत ‘तलवार’वरील नौसैनिकांनी याच प्रकारे निकृष्ट अन्न नाकारले, तेव्हा अ‍ॅडमिरल गॉडफ्रेने नभोवाणीवरून धमकी दिली की, सारे आरमार नष्ट झाले तरी चालेल, पण शरण या. तेथे अन्नाच्या दर्जापेक्षा शिस्तीचा प्रश्न मोठा ठरला.

फ्रान्सची गोष्ट आणखी बोलकी आहे. १८९४ पासून रशिया हा त्याचा मित्र. लक्षावधी सामान्य फ्रेंच कुटुंबांनी आपली पुंजी रशियन कर्जरोख्यांत घातलेली. बंडाची बातमी म्हणजे रोख्यांचा भाव कोसळण्याची भीती. रशियाच्या अर्थखात्याचा पॅरिसमधील प्रतिनिधी आर्तुर राफालोविच फ्रेंच वृत्तपत्रांना पैसे चारीत होता. हा माझा तर्क नव्हे. त्याची पत्रेच १९२३-२४ मध्ये ‘ल्युमानिते’ या पत्राने छापली. तोवर फार उशीर झाला होता. एप्रिल १९०६ मध्ये रशियाला सव्वादोनशे कोटी फ्रँकचे नवे कर्ज मिळाले, त्यातले १२० कोटी फ्रान्सचे. आणि क्रांतीनंतर बोल्शेविकांनी ती सारी कर्जे नाकारली. वर्तमानपत्र वाचून गुंतवणूक करणाऱ्या त्या पेन्शनरांची दया येते.

जर्मनीत समाजवाद्यांचे ‘फोरवेर्ट्स’ झारशाहीचे हाडवैरी, तर कैसरला झार हवा होता. जुलैअखेरीस दोघे ब्योर्को येथे भेटले आणि करारावर सह्याही झाल्या. त्याच कैसरचे खलाशी १९१८ मध्ये कीलला उठले, हा काळाचा विनोद. जिनिव्हात बसलेला लेनिन या बंडाचा ताजा वृत्तान्त परदेशी पत्रांतल्या तारांवरूनच जमवीत होता. त्याने ओडेसाला धाडलेला माणूस पोचला, तोवर नौका निघून गेली होती.

आता आपल्याविषयी. लंडनहून हिंदुस्थानकडे येणारी तारेची एक मुख्य वाट १८७० पासून वॉर्सा, ओडेसा, तिफ्लिस, तेहरान अशी होती. म्हणजे ज्या शहरात बंडखोर नौका आली, त्याच शहरातून आपल्याकडची तार जात असे! तरीही ओडेसाची बातमी मराठी वाचकाला मिळे ती प्रामुख्याने रॉयटरच्या, म्हणजे लंडनच्या हातून. इंग्रजाने रशियाची नाचक्की आनंदाने पाठवली. बातमी त्याची होती, पण सम्राटाचा खलाशीही ‘नाही’ म्हणू शकतो, हा तिचा अर्थ वाचकाने आपला आपण लावायचा होता. आणि तो महिना वंगभंगाच्या घोषणेचा होता.

इंग्रजी पत्रांचा हा सूर किती टिकला? ३१ ऑगस्ट १९०७ रोजी इंग्लंड-रशिया समझोता झाला, इराणची प्रभावक्षेत्रे वाटून घेण्यात आली आणि ‘टाइम्स’ने त्या समझोत्याची पाठराखण केली. रुमानियाने पोटेमकिनच्या खलाशांना रशियाच्या हवाली केले नव्हते. मात्युशेंको स्वतःच गुप्तपणे मायदेशी परतला आणि पकडला गेला. समझोत्याच्या त्याच वर्षी सेवास्तोपोलला त्याला फाशी देण्यात आले. नौकेचे नाव रशियाने केव्हाच बदलून ‘पान्तेलेइमोन’ केले होते.