आधी उजेड, मग कॅमेरा

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

‘कोणता कॅमेरा घेऊ?’ हा प्रश्न पूर्वी हौशी मंडळी विचारायची. आता तो कारागीर विचारतात. हुपरीत चांदीचे पैंजण करणारं घर असो, कोल्हापुरात चपला शिवणारे भाऊ असोत की सावंतवाडीची लाकडी फळं रंगवणारी ताई असो, प्रत्येकाला आपला माल मोबाइलवरून लांबच्या गिऱ्हाइकाला दाखवायचा असतो. ते गिऱ्हाईक पैंजण कानाशी वाजवून बघणार नाही, चपलेत पाय घालून बघणार नाही. ते सगळं काम एकट्या फोटोला करावं लागतं.

मी कविता लिहिणारा माणूस. मालाच्या वर्णनाच्या चार ओळी लिहून द्या, म्हणून आमच्या भागातले लोक माझ्याकडे येतात आणि सोबत फोटो दाखवतात. गेली काही वर्षं असे पुष्कळ फोटो पाहिले, काढणाऱ्यांच्या शेजारी बसलो, त्यातून जे कळलं ते आज सांगतो. खिशात दहा रुपये असतील तर सहा-सात उजेडावर आणि तिपाईवर खर्च करा. कॅमेऱ्याचा विचार त्यानंतर.

कॅमेरा या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थच खोली. अंधाऱ्या खोलीच्या भिंतीला बारीक भोक पाडलं, की बाहेरचं दृश्य समोरच्या भिंतीवर उलटं उमटतं. बसऱ्यात जन्मलेल्या आणि पुढे कैरोत काम केलेल्या इब्न अल्-हैथम या विद्वानाने हजार वर्षांपूर्वी अशा उजेडाचा बारकाईने अभ्यास केला. वस्तूवरून येणारा प्रकाश डोळ्यात शिरतो म्हणून वस्तू दिसते, हे त्याने मांडलं. कॅमेऱ्यालाही हाच नियम लागू. त्याच्यापर्यंत पैंजण पोचत नाही, पैंजणावरून परतलेला उजेड पोचतो. तोच वाईट असेल तर लाखाचा कॅमेरा काय करणार?

सुरुवात खिडकीपासून करा, ती फुकट आहे. उत्तरेच्या खिडकीतून वर्षाचा बराच काळ थेट ऊन आत येत नाही, म्हणून ती उत्तम. दुसऱ्या दिशेची असेल तर पातळ पांढरं कापड लावा. टेबल असं ठेवा, की उजेड वस्तूच्या बाजूने येईल. भिंतीला टेकवून पांढरा कागद सोडा आणि घडी न पाडता टेबलावर आणा, म्हणजे मागे रेघ दिसत नाही. खिडकीच्या विरुद्ध बाजूला पांढरं कार्डशीट उभं करा. तिकडची काळी सावली लगेच मऊ होते.

सावली मऊ की कडक, हे दिव्याच्या ताकदीवर अवलंबून नसतं. वस्तूच्या मानाने दिवा केवढा दिसतो, यावर ते ठरतं. उघडा बल्ब म्हणजे एक टिंब, त्याची सावली सुरीसारखी पडते. त्याच बल्बपुढे हातभर लांबी-रुंदीचा बटर पेपर ताणला, की तो कागदच दिवा होतो. मात्र बल्ब कागदाला चिकटवू नका, नाहीतर मधला ठिपकाच उजळतो. दोहोंत वीतभर-दोन वीत अंतर ठेवा. दिवा एलईडीचाच घ्या. हॅलोजन फार तापतो, कागद पेट घेईल. आणि एक हिशेब लक्षात ठेवा. उघडा दिवा दुप्पट अंतरावर नेला तर उजेड निम्मा होत नाही, पाव होतो.

पण पावसाळ्यात खिडकी साथ देत नाही, आणि घरकाम आटोपून बसणाऱ्या बायकांना फोटोसाठी रात्रच मिळते. तेव्हा दिवे घ्यावेच लागतात. दोन घ्या, पण एकाच जातीचे. खोक्यावर दोन आकडे बघा. पहिला केल्विनचा. जुन्या पिवळ्या बल्बचा उजेड २७०० केल्विनच्या आसपास असतो, भर दिवसाच्या उन्हाचा ५००० ते ५५००च्या घरात. फोटोसाठी दुसरा घ्यावा. दुसरा आकडा सीआरआयचा, म्हणजे उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा. तो १००पैकी ९५च्या पुढे असलेला बरा. फोटो काढताना घरातली ट्यूब बंद करा. दोन जातींचे उजेड एकत्र झाले, की चांदी एका अंगाने निळी आणि दुसऱ्या अंगाने पिवळी दिसते, मग ती कुठल्याही सॉफ्टवेअरने धड होत नाही. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. स्वस्त एलईडी त्यामुळे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. डोळ्याला ते कळत नाही, फोटोत मात्र आडवे पट्टे येतात. शटर १/५० किंवा १/२५ सेकंदावर ठेवलं तर ते टळतात. वस्तू काही पळत नाही आणि कॅमेरा तिपाईवर आहे, तेव्हा घाई कशाला?

आता वस्तूंच्या स्वभावाकडे येऊ. चांदी म्हणजे आरसा. घुंगराच्या प्रत्येक गोलात तुमची खोली, ट्यूब, हात आणि अंगातला लाल शर्टही उमटतो. म्हणून चांदीभोवती बटर पेपरचा तंबू करायचा, दिवे बाहेर ठेवायचे आणि कॅमेऱ्यापुरती फट सोडायची. मग सगळीकडे पांढरं प्रतिबिंब पडतं. पण पांढऱ्यात पांढरं मिसळून दागिन्याची कड हरवते. त्यासाठी तंबूच्या आत दोन बाजूंना काळ्या कागदाच्या बारीक पट्ट्या उभ्या करा. त्यांचं प्रतिबिंब कडेला पडतं आणि काजळ घातल्यासारखा आकार उठून दिसतो.

चामड्याचं उलट. कोल्हापुरी चपलेचे कान, वेणी, पट्ट्यावरचं कोरीव काम, हे सगळं पोतावर उभं आहे. समोरून उजेड टाकला तर ते सपाट होतं. दिवा खाली आणून जवळजवळ आडवा टाका, म्हणजे वेणीच्या प्रत्येक पेडाला आपली सावली मिळते.

रंगवलेल्या चकचकीत खेळण्यावर पांढरा डाग पडतो. उजेड ज्या कोनातून येतो त्याच कोनातून परततो, म्हणून दिवा किंवा कॅमेरा थोडा सरकवला की डाग जातो. पोलरायझर फिल्टरही ही चमक कमी करतो. उघड्या धातूवर मात्र त्याचा फारसा उपयोग होत नाही, म्हणून चांदीवाल्यांनी त्यावर पैसे घालवू नयेत.

आणि कॅमेरा? जवळ बऱ्यापैकी मोबाइल असेल तर पहिले सहा महिने काही घेऊ नका. १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० बिंदूंचा असतो. पडद्याला तो भरपूर झाला, आणि चांगल्या छपाईतही तो साधारण १३ इंच बाय १० इंच निघतो. मोबाइलचा सेन्सर लहान असल्याने छोटी वस्तू पुढपासून मागपर्यंत स्पष्ट येते, हा त्याचा फायदाच. पण वस्तूच्या अगदी नाकाशी जाऊ नका, जवळची बाजू फुगते. दोन-तीन फूट मागे सरा आणि दोन पट झूम करा. पोर्ट्रेट मोड बंद ठेवा, तो साखळीच्या कड्या खाऊन टाकतो. दोन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बोटाचा धक्का लागत नाही. पांढऱ्या कागदावरचा फोटो मोबाइल आपोआप राखाडी करतो, तेव्हा उजळपणा थोडा वाढवा.

रोज वीस-पंचवीस वस्तूंचे फोटो काढायचे असतील किंवा नथीतल्या मोत्याचं बसणं दाखवायचं असेल, तर कॅमेरा घ्या. गेल्या काही वर्षांत कंपन्या मिररलेसकडे वळल्या, त्यामुळे जुने डीएसएलआर सेकंडहँड बाजारात बरे मिळतात. बॉडी साधी चालेल. सगळं हाताने ठरवता येतं का आणि रॉ फाइल मिळते का, तेवढं पाहा. वाचलेले पैसे खऱ्या मॅक्रो लेन्समध्ये घाला. आयएसओ १००, छिद्र एफ/८ ते एफ/११, आणि तिपाई. एवढ्यावर बहुतेक काम निघतं.

शेवटची गोष्ट सच्चेपणाची. कवितेत विशेषणं वाढली की नाम फिकं पडतं. फोटोत रंग वाढवले की तसंच होतं, आणि इथे त्याची किंमत रुपयांत मोजावी लागते. किरमिजी रंग भडक लाल दिसला, दोन इंचांचं खेळणं वीतभर वाटलं, तर पार्सल परत येतं आणि जाण्या-येण्याचा भुर्दंड बहुधा करणाऱ्याच्याच माथी बसतो. म्हणून एक फोटो हातात धरलेल्या वस्तूचा असू द्या, माप कळतं. एक मागच्या बाजूचा द्या. हातकामात दोन नग तंतोतंत सारखे नसतात, ते लिहून टाका. आणि फोटो पाठवण्याआधी खरी वस्तू दिवसाच्या उजेडात पडद्याशेजारी धरा. दोन्हींचा रंग जुळला तरच पाठवा. जुळला नाही, तर कॅमेरा बदलण्याआधी दिवा सरकवून बघा.