झाडाची साल आणि औषधाची मात्रा
(वार्षिक सभेतील प्रशासकीय मनोगत)



औषधसाठ्यातील एका नोंदीवर लेखापरीक्षकांनी यंदाही प्रश्न उपस्थित केला आहे : 'आर्टेसुनेट इंजेक्शन, मुदतबाह्य'. देणगीच्या पैशातून घेतलेले औषध न वापरता टाकावे का लागले? प्रश्न रास्त आहे. आम्ही वाणिज्य शाखेचे. आम्हीही तोच विचारला असता.

हे औषध मूळचे वनस्पतीचेच. मलेरियावर आधी सिंकोनाची साल आली. तिच्यातून १८२० मध्ये क्विनाइन वेगळे झाले. पुढे चीनमधील तू यूयू यांना चौथ्या शतकातील वैद्यकग्रंथात एक तापावरचा उपाय आढळला : वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून रस घ्यावा. उकळण्याचा उल्लेख नव्हता. उष्णतेने गुण जात असावा, हे ताडून त्यांनी कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरने अर्क काढला. १९७२ मध्ये त्यातून आर्टेमिसिनिन मिळाले. २०१५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक लाभले. आर्टेसुनेट त्यापासूनच बनते.

आपल्या सातपुड्यातही जंतांवर पळसाच्या बिया आणि वावडिंग देतात. या ज्ञानाची येथे कोणी थट्टा करीत नाही. परंतु काढ्यात औषधी द्रव्य किती उतरले, हे पाजणाऱ्यास कळत नाही. गंभीर मलेरियात रुग्णाच्या वजनानुसार मोजलेली मात्रा पहिल्या चोवीस तासांत तीनदा शिरेतून द्यावी लागते.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात धडगावकडील एका पाड्यावरून बांबूच्या झोळीतून एक बेशुद्ध मुलगा आला. घरी चार दिवस काढा चालू होता. त्या दिवशी आमच्याकडील आर्टेसुनेट संपलेले होते. क्विनाइन सुरू करून जीप नंदुरबारला धाडली. मुलगा वाचला; पण ती रात्र आम्ही औषधालयाच्या पायरीवर बसून काढली. आफ्रिकेतील पाच हजारांहून अधिक मुलांवरील, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात क्विनाइनऐवजी आर्टेसुनेट दिलेल्या मुलांमधील मृत्यू सुमारे २२ टक्क्यांनी कमी आढळले होते. असा फरक ताळेबंदात दिसत नाही.

म्हणून पावसाळ्यापूर्वी हा साठा आम्ही भरतोच आणि उरलेल्या कुप्या नियमानुसार नष्ट करतो. ही नोंद पुढील वर्षीही दिसेल. देणगीदारांनी ती मान्य करावी, ही विनंती.

आप्तजनांना इतकेच सांगणे आहे की, घरी काढा दिला असल्यास वनस्पतीच्या नावासह डॉक्टरांना सांगावे. कोणी रागावणार नाही.