हळद, कुंकू आणि शिसे

(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद भगिनींपुढे दिलेले भाषण. शेवटी, सभेत आलेल्या चिठ्ठ्यांची उत्तरे दिली आहेत.)



वर्धापनदिनी बाहेरच्या कुणा विद्वानांना बोलवावे, त्यांना हार घालावा आणि त्यांचे चार शब्द ऐकावेत, ही आपली नेहमीची रीत. यंदा घरच्याच बाईला उभे केले आहे. त्याचे कारण चिटणीसबाईंनी मला मोकळेपणाने सांगितले. आपल्या गृहोद्योग विभागाच्या हळदीवरून गेल्या दोन सभांत जो वाद झाला, त्याचा निकाल आज चहापानानंतर हात वर करून लावायचा आहे. मी शाळेत तीस वर्षे रसायनशास्त्र शिकविले, तेव्हा मत देण्यापूर्वी मी या विषयाची माहिती द्यावी असे त्यांना वाटले. मी एका बाजूची आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे मागाहून कुणी तक्रार करावयास नको.

वाद आपणांस ठाऊकच आहे. आपली हळद फिकी दिसते. गिऱ्हाईक पुडी हातात घेते, उजेडात धरून पाहते आणि पलीकडच्या दुकानातली पिवळीधमक पुडी घेऊन जाते. अशात एका व्यापाऱ्याने आपल्याला कमी दराची आणि रंगाने उजळ हळद देऊ केली आहे. त्या व्यापाऱ्याच्या मालात खोट आहे असे मी मुळीच म्हणत नाही. तपासल्यावाचून तसे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु केवळ रंग पाहून हळद घ्यावयाची जी आपली सवय आहे, तिच्याच आधाराने शिसे आपल्या डब्यात येऊन बसते, एवढे मात्र मी ठामपणे म्हणते.

शिसे म्हटले की डोळ्यांपुढे मोटारीची बॅटरी येते किंवा मासे धरण्याच्या गळाचे वजन येते. स्वयंपाकघर येत नाही. (शिसपेन्सिलीत मात्र शिसे नसते. तिची उगीच बदनामी झाली आहे.) लोह, कॅल्शियम, जस्त हे धातू शरीराला थोडे थोडे लागतात. शिशाचा उपयोग शरीराला काडीइतकाही नाही. तरी ते आत शिरते, कारण ते कॅल्शियमचे सोंग घेते. आतडी त्याला कॅल्शियम समजून आत घेतात, हाडे त्याला कॅल्शियम समजून साठवतात, आणि हाडांत गेलेले शिसे तेथे दहा-वीस वर्षेही मुक्काम करते. पुढे बाई गरोदर राहिली की बाळाची हाडे घडविण्यासाठी तिचे शरीर आपल्या हाडांतले कॅल्शियम सोडू लागते. त्याच्याबरोबर ते जुने शिसेही सुटते आणि वारेतून थेट गर्भात जाते. म्हणजे मुलीने माहेरी लहानपणी खाल्लेले शिसे तिच्या बाळापर्यंत पोहोचू शकते.

लहान मुलांचे आणखी वेगळे आहे. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठी माणसे जेवढा भाग शोषून घेतात, त्याच्या चार-पाच पट भाग मुले शोषतात. शिसे त्यांच्या वाढत्या मेंदूवर आघात करते. बुद्धी मंदावते, लक्ष लागत नाही, मूल चिडचिडे होते. आपण म्हणतो, हा फार हूड आहे, अभ्यासात लक्ष घालीत नाही. ताप नाही, पुरळ नाही. मग डॉक्टरकडे कशासाठी न्यावे? मोठ्या माणसांत रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडे बिघडतात, आणि तेही वयावर खपून जाते. अमुक इतके शिसे चालेल, अशी निर्धोक मर्यादा आजवर सापडलेली नाही, असे जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते.

त्यातही रक्त कमी असलेल्या शरीरात शिसे अधिक शोषले जाते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी दर शंभरात ५४ जणींना रक्तक्षय आढळला. तेव्हा हा प्रश्न कुणा परक्यांचा आहे असे समजू नये.

आता हळदीकडे वळते. बांगलादेशातील खेड्यांत गरोदर स्त्रियांच्या रक्तात शिसे सापडले. ते आले कोठून, याचा तेथील आणि अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी मिळून शोध घेतला. जेना फोर्साइथ या बाई त्यांत प्रमुख होत्या. मातीपासून भांड्यांपर्यंत आणि धान्यापासून मसाल्यांपर्यंत सारे तपासले. शिशाचे अणू सगळे सारख्याच वजनाचे नसतात. हलक्या-जड अणूंचे प्रमाण खाणीखाणीनुसार थोडे बदलते, आणि त्यावरून शिशाचे मूळ ओळखता येते; जशी बोलीवरून माणसाचे गाव ओळखावे तशी. त्या स्त्रियांच्या रक्तातील शिशाची ही खूण हळदीतल्या शिशाशी जुळली. हे सारे २०१९ साली प्रसिद्ध झाले.

हळदीत शिसे येण्याची हकिकत ऐकण्यासारखी आहे. १९८०च्या दशकात तेथे मोठा पूर आला. हळद भिजली, वाळवण नीट झाले नाही, आणि हळकुंडे काळपट पडली. बाजारात कुणी घेईना. तेव्हा ती उजळ करण्यासाठी कुणीतरी लेड क्रोमेट नावाचा पिवळा रंग वापरला. तेथे त्याला 'पिउरी' म्हणतात. पूर ओसरला, पण गिऱ्हाइकाच्या डोळ्याला त्या पिवळ्या रंगाची सवय लागून गेली, आणि पुढे चांगल्या हळदीलाही तो रंग देणे भाग पडू लागले. आपल्या सांगलीकडच्या भगिनींना ठाऊक असेल की हळद शिजवून वाळवली म्हणजे तिची साल खरखरीत आणि मळकी दिसते; ती ढोलात घालून फिरवून फिरवून गुळगुळीत करावी लागते. यात वेळ जातो आणि वजनही घटते. ढोलात मूठभर पिवळा रंग टाकला की थोडक्या पॉलिशात हळकुंड सोन्यासारखे दिसू लागते. मोह कोठे आहे, हे यावरून समजावे. व्यापाऱ्याला विष घालावयाचे नसते हो, त्याला आपल्याला आवडेल असा रंग हवा असतो.

आपल्याकडे काय स्थिती आहे? भारत, पाकिस्तान, नेपाळ आणि श्रीलंका या चार देशांतील २३ शहरांतून हळदीचे नमुने घेऊन केलेली पाहणी २०२४ साली प्रसिद्ध झाली. पुष्कळशी हळद ठीक होती, हे आधी सांगते. परंतु दर शंभरात सुमारे १४ नमुन्यांत शिशाचे प्रमाण जपण्याजोगे निघाले, आणि सर्वांत वाईट नमुने पाटणा, कराची व पेशावर येथले होते. त्यांत हळदीच्या दर किलोस एक ग्रॅमहून अधिक शिसे होते.

एक ग्रॅम म्हणजे किती? ज्यांना हिशेबाचा कंटाळा आहे त्यांनी क्षणभर धीर धरावा. आपल्या कायद्याने हळदीत किलोमागे दहा मिलिग्रॅमपर्यंत शिसे चालते; म्हणजे तो माल मर्यादेच्या शंभरपट झाला. एका माणसाच्या पोटात दिवसाकाठी आमटी-भाजीतून एक ग्रॅम हळद जाते असे धरा. त्या मालातून एक हजार मायक्रोग्रॅम शिसे पोटात गेले. मूल होण्याच्या वयातील स्त्रीच्या पोटात आहारातून रोज ८.८ मायक्रोग्रॅमहून अधिक शिसे जाऊ नये, आणि मुलांच्या पोटात २.२ हून अधिक जाऊ नये, असे अमेरिकेतील अन्न व औषध खात्याने ठरविले आहे. बाकीचा भागाकार आपणच करावा. आणि कायद्यात बसणारी हळद घेतली तरी काठावरच्या मालाच्या एका ग्रॅमातून दहा मायक्रोग्रॅम जातातच. म्हणून मी कायद्याच्या काठावर समाधान मानणारी नाही.

बांगलादेशाने पुढे काय केले, तेही सांगावयास हवे. नाही तर नुसतीच भीती घातल्यासारखे होईल. सरकारने बाजाराबाजारांत सूचना लावल्या, वर्तमानपत्रांतून लोकांना सांगितले, ढाक्याच्या घाऊक बाजारात शिसे दाखविणारे यंत्र घेऊन अधिकारी गेले आणि दोन व्यापाऱ्यांना सर्वांसमक्ष दंड केला. २०१९ साली तेथील बाजारातल्या दर शंभर नमुन्यांपैकी ४७ नमुन्यांत शिसे सापडत होते. २०२१ साली एकातही सापडले नाही. दोन वर्षांत हे झाले. आपल्याकडेही याचा दाखला आहे. मुंबईत १९९७ साली तपासलेल्या लहान मुलांपैकी दर शंभरात साठांहून अधिक मुलांच्या रक्तात शिसे तेव्हाच्या इशाऱ्याच्या पातळीवर होते. २००० साली देशातून शिसेयुक्त पेट्रोल गेले, आणि त्यानंतरच्या पाहणीत ते प्रमाण सुमारे तेहतीसवर उतरले. तेहतीस हा आकडाही लाज आणणाराच आहे. पण उतार पडतो एवढे तरी त्यावरून दिसते.

हळदीमागोमाग कुंकू येणारच. जुने कुंकू हळदीचेच. हळकुंडे टाकणखार, तुरटी आणि लिंबाच्या रसात मुरवावयाची, सावलीत वाळवून कुटावयाची. त्याचा रंग काळपट तांबूस येतो, झगझगीत येत नाही. बाजारातल्या लालभडक आणि शेंदरी पुड्यांत काय असते ते पुडीवर बहुधा लिहिलेले नसते. अमेरिकेतील न्यू जर्सी आणि आपल्याकडील मुंबई व दिल्ली येथून घेतलेल्या कुंकू-शेंदराच्या नमुन्यांची तपासणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. दोन्ही देशांत दर दहांतील जवळजवळ आठ नमुन्यांत शिसे निघाले. काहींत थोडे होते, काहींत पुष्कळ.

कातडीतून हे शिसे फारसे आत जात नाही. ते जाते तोंडावाटे. हळदीकुंकवाच्या तबकात बोट बुडवावे, चार जणींना लावावे, आणि त्याच हाताने फुटाणे वाटावेत, हे आपण सर्वजणी करतो. कडेवरचे मूल आईच्या कपाळावर हात फिरवते आणि बोट चोखते. शेंदराची गोष्ट तर उघडच आहे. खरा शेंदूर म्हणजे शिशाचेच भस्म. त्याच्या शंभर भागांत नव्वद भाग शिसे. शेंदूर पोटात गेला तर घात होतो हे आपल्या आज्या-पणज्या जाणून होत्या. गवयाला वैऱ्याने शेंदूर खाऊ घातल्याच्या गोष्टी त्या उगीच सांगत नव्हत्या. मारुतीला शेंदूर अवश्य चढवावा. त्याच हाताने मुलांना प्रसाद मात्र देऊ नये.

मंडळापुढे माझ्या तीन मागण्या आहेत. आपली फिकी हळद आपण तशीच ठेवावी, आणि ती फिकी का आहे हे पुडीवर ठळक छापावे. दुसरे, सध्याचा माल असो वा नवा, प्रत्येक खेपेचा नमुना प्रयोगशाळेत शिशासाठी तपासून घ्यावा. २००६च्या अन्नसुरक्षा कायद्याने साध्या गिऱ्हाइकालासुद्धा फी भरून सरकारी अन्न विश्लेषकाकडून माल तपासून घेता येतो, आणि माल वाईट ठरला तर फी परत मिळते. अट एवढीच की, आपण हा माल तपासावयास नेणार आहोत असे खरेदीच्या वेळीच दुकानदाराला सांगावे लागते. त्याचा चेहरा पाहण्यासाठी तरी एकदा हे करून पाहावे! तिसरे, येत्या संक्रांतीला कुंकवाच्या पुड्यांचे वाण मंडळाने देऊ नये. गूळ-शेंगदाणे द्यावेत, रक्ताला तेवढाच आधार. तपासणीचा खर्च किलोमागे थोडा पडेल. विक्री घटेल ती घटेल. आपल्या हळदीची निम्मीअधिक गिऱ्हाइके बाळंतिणींच्या घरची आहेत, हे हात वर करताना ध्यानात असू द्यावे.

आता चिठ्ठ्या.

एकीने विचारले आहे, घरी हळद कशी ओळखावी? अख्खे हळकुंड पेल्यातल्या पाण्यात टाकावे. वरून रंग दिलेला असेल तर पाणी लगेच पिवळे होते. शुद्ध हळकुंड तसा रंग सोडत नाही. परंतु ही ढोबळ परीक्षा आहे; हिच्यात उतरलेल्या मालात शिसे नाहीच असे म्हणता येत नाही. हळकुंडे आणून घरी दळणे त्यातल्या त्यात बरे.

दुसरी चिठ्ठी पितळेच्या भांड्यांविषयी आहे. कल्हई शुद्ध कथलाची असेल तर निर्धास्त वापरावे. कथील महाग, म्हणून काही कल्हईवाले त्यात शिसे मिसळतात. ते मिश्रण लवकर वितळते, त्यामुळे कामही सोपे होते. कथील आपण स्वतः विकत आणून द्यावे आणि समोर बसून कल्हई करून घ्यावी. आमसुलाचे सार, चिंचेची आमटी अशा भांड्यात फार वेळ ठेवू नये.

घराच्या रंगाबद्दल विचारले आहे. नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात दर दहा लाख भागांत नव्वदांहून अधिक शिसे असण्यास कायद्याने बंदी आहे. जुन्या दारे-खिडक्यांवर मात्र पूर्वीचे थर असतात. ते कोरडे खरवडू नयेत, पाणी मारून खरवडावेत, आणि मुलांना त्या दिवशी शेजारी पाठवावे.

शेवटची चिठ्ठी एका आजीबाईंची दिसते. नातवाला काजळ घालू की नको? एरंडेलाच्या दिव्यावर घरी धरलेले काजळ म्हणजे काजळी आणि तूप. त्यात शिसे नाही. सुरमा मात्र पुष्कळदा शिशाच्याच खनिजाचा असतो, तो घरात आणू नये. बाळाच्या डोळ्यांत घरचे काजळही घालू नये, असे डोळ्यांचे डॉक्टर सांगतात. दृष्टीची भीती वाटत असेल तर तीट कानामागे लावावी. तेथपर्यंत त्याचे बोट सहसा जात नाही.