वाक्यं जोडताना



या व्यासपीठावर एरवी प्राध्यापक बोलतात, लेखक बोलतात. मी बेळगावात चाळीस वर्षं होमिओपॅथीचा दवाखाना चालवणारा डॉक्टर. आजचा विषय बाहेर फळ्यावर 'स्पॅनिश भाषेतील संबंधी सर्वनामे' असा लिहिला आहे. तो वाचून माझ्या एका जुन्या पेशंटने दारातच विचारलं, "डॉक्टर, हे कशावरचं औषध?" मी म्हटलं, "आत बसा, मग सांगतो." ते आता तिसऱ्या रांगेत बसले आहेत.

आधी शिकलो का, ते सांगतो. माझा मुलगा स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला नोकरीला आहे. तिथलीच मुलगी आमची सून. नात सहा वर्षांची. सुनेला इंग्रजी येतं, तिच्या आईवडिलांना येत नाही. त्यामुळे फोनवर आमचं बोलणं 'ओला' आणि 'नमस्ते' यांच्या पुढे जात नसे. मधे मोबाइलवरच्या भाषांतराची मदत घेऊन पाहिली. मी एक वाक्य बोलायचं, मोबाइलने ते सांगायचं, मग विहीणबाईंनी बोलायचं. दहा मिनिटांत दोन्हीकडची माणसं दमून जायची. व्हॅलेन्सियात व्हॅलेन्सियन आणि स्पॅनिश अशा दोन राजभाषा आहेत, रस्त्यांच्या पाट्याही दोन भाषांत आढळतात. पाट्यांचा विषय निघाला की बेळगावकराला जास्त समजवावं लागत नाही! म्हणून मी ठरवलं, त्यांच्या दोनपैकी एक तरी भाषा आपण शिकायची.

वयाच्या चौसष्टाव्या वर्षी ऑनलाइन शिकवणी लावली. शिकवणाऱ्या बाई दक्षिण अमेरिकेत, कोलंबियाच्या बोगोता शहरात राहतात. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी साडेसहाला मी आंघोळ उरकून, मंदिरात जाऊन येऊन लॅपटॉपसमोर बसतो, तेव्हा तिकडे आदल्या दिवशीचे रात्रीचे आठ वाजलेले असतात. माझा मंगळवार उजाडलेला आणि बाईंचा सोमवार मावळलेला.

पहिले सहा महिने मी सुटी वाक्यं बोलत होतो. मी डॉक्टर आहे. माझा दवाखाना आहे. दवाखाना लहान आहे. दवाखाना बाजारात आहे. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चूक एकही नाही. पण तुमचा माणूस प्रत्येक वाक्याला पुन्हा नव्याने उभा राहतो. आता वाक्यं जोडायला शिकू." मला एकदम सातवीचा वर्ग आठवला. 'पुढील वाक्ये एकत्र करा' हा प्रश्न, केवल, संयुक्त आणि मिश्र वाक्य, आणि मास्तरांची छडी. तेव्हा ते पाच मार्कांसाठी केलं होतं.

स्पॅनिशमध्ये वाक्य जोडणारा मुख्य शब्द अगदी छोटा आहे: 'के'. आपल्या 'जो, जी, जे' या सगळ्यांचं काम तो एकटा करतो. पुरुष असो, बाई असो, वस्तू असो, एक असो की अनेक, 'के' बदलत नाही. शिवाय 'तो म्हणतो की' यातल्या 'की'चं कामही तोच करतो. मला वाटलं, हे तर सोपं आहे. 'काल आला तो माणूस माझा भाऊ आहे' हे वाक्य मी उत्साहाने केलं. स्पॅनिशमध्ये आधी माणूस येतो, मग 'के', मग त्याची हकीकत: 'एल ओंब्रे के बिनो आयेर एस मि एरमानो.' मी मात्र मधे एक 'एल', म्हणजे 'तो', घालत होतो. बाई तो खोडत होत्या. पुढच्या वाक्यात मी पुन्हा घालत होतो.

तीन तास असे गेले तेव्हा चूक कुठून येते ते कळलं. मराठीत 'जो' म्हटलं की 'तो' यावाच लागतो. जो काल आला, तो. जिथे पाणी, तिथे. संस्कृत व्याकरणात 'यत्' आणि 'तत्' यांचा संबंध नित्य मानला आहे. प्राकृतात त्याचं 'जो' आणि 'सो' झालं, आणि आमच्या जैन घरांत प्राकृत पाठ कानावर पडत असल्याने ही जोडी मला लहानपणापासून पाठ. तोशिवाय जो माझ्या कानाला एकटा वाटतो. स्पॅनिशला तसं वाटत नाही.

आपल्याकडे दुसरीही एक रीत आहे. 'काल आलेला मुलगा' असं म्हटलं की जो-तो लागतच नाही. कन्नडमध्ये हीच रीत चालते, 'निन्ने बंद हुडुग'. आपण सीमेवरची माणसं दोन्ही रीती सहज वापरतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. बाईंनी मला 'के' शिकवला, पण त्या निमित्ताने मी माझं मराठी पहिल्यांदा नीट ऐकलं.

एक मजा सांगतो. 'ज्या खुर्चीवर मी बसतो ती' हे वाक्य मी इंग्रजीतून विचार करून करायला गेलो की चुकायचो, कारण इंग्रजी तो 'वर' वाक्याच्या शेवटी टाकून मोकळी होते. स्पॅनिशला ते चालत नाही. तिथे 'ला सिया एन ला के मे सिएंतो', म्हणजे 'वर' पुढे आणून 'के'ला चिकटवायचा, शिवाय खुर्ची स्त्रीलिंगी म्हणून 'ला के'. आपण 'ज्या खुर्चीवर' असं आधीच म्हणून टाकतो. इंग्रजी बाजूला ठेवून मराठीतून गेलो तेव्हा उत्तर बरोबर आलं. परकी भाषा इंग्रजीच्याच वाटेने शिकावी लागते, हा आपला समज तपासून पाहावा असा आहे.

'ज्याचा' या अर्थाचा 'कुयो' मात्र उलटा निघाला. आपण 'जिचा मुलगा', 'जिची मुलगी', 'ज्याचा मुलगा', 'ज्याची मुलगी' असे चार प्रकार करतो. मालक कोण आणि वस्तू कोणती, दोन्ही सांगतो. स्पॅनिशमध्ये मुलगा असेल तर 'कुयो', मुलगी असेल तर 'कुया'. ती आईची की बापाची, हे त्या शब्दावरून कळत नाही.

'लो के' म्हणजे 'जे काही'. हा शब्द मला जेवणाने शिकवला. विहीणबाईंनी मोठ्या प्रेमाने सांगितलं होतं की तुम्ही आलात की तोर्तिया करीन. तोर्तियात अंडी आणि बटाटे. आम्हाला दोन्ही चालत नाहीत. कांदा नको, लसूण नको, बटाटा नको, गाजर नको, मुळा नको, असली यादी किती वाचणार? मग मी वाक्य जुळवलं: 'नो कोमो लो के क्रेसे बाहो तिएर्रा.' जे जमिनीखाली वाढतं ते मी खात नाही. पलीकडे क्षणभर शांतता, मग हसू, आणि मग त्यांनी जमिनीवर वाढणाऱ्या भाज्यांची नावं एकामागून एक घ्यायला सुरुवात केली. अंड्याचं वाक्य पुढच्या फोनला सांगितलं. एका दिवशी एकच धक्का पुरे.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. होमिओपॅथीत केस लिहून घेण्याला फार वेळ द्यावा लागतो. डोकं दुखतं, एवढ्याने आमचं भागत नाही. कुठे, केव्हा, कसं, कशाने वाढतं, कशाने थांबतं? मराठीत आमचे प्रश्न 'क'ने सुरू होतात आणि पेशंटचं खरं उत्तर 'ज'ने येतं. केव्हा दुखतं? जेव्हा ऊन लागतं तेव्हा. कुठे? जिथे टोपीची कड लागते तिथे. चाळीस वर्षं मी हे ऐकत आलो, पण स्पॅनिश शिकेपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. तिथे प्रश्नालाही 'के' आणि जोडायलाही 'के'. लिहिताना प्रश्नाच्या 'के'वर एक छोटी तिरकी रेघ देतात, तेवढाच फरक. लॅटिनमधून तिकडे गेलेला हा 'के' आपल्या 'कोण' आणि 'काय' यांच्या कुळातला आहे, 'जो'च्या नाही.

आणखी एक बारकावा. 'मराठी बोलतो असा एक डॉक्टर' मला माहीत आहे, तेव्हा क्रियापद 'आब्ला'. पण परगावात नवा आलेला माणूस तसा डॉक्टर शोधतो आहे, तो आहे की नाही ठाऊक नाही, तेव्हा 'आब्ले'. एका स्वराचा फरक. बाईंना वाटलं हे मला जड जाईल. पण आपण म्हणतोच की, 'मराठी बोलेल असा डॉक्टर', 'घर सांभाळेल असा भाडेकरू'. बोलतो आणि बोलेल. एक सापडलेला, दुसरा अजून शोधायचा.

आता ज्या गोष्टीसाठी आज उभा राहिलो ती सांगतो. ती एका स्वल्पविरामाची आहे.

बाईंनी घरच्या माणसांवर दहा वाक्यं लिहून आणायला सांगितली होती. मी लिहिलं: 'माझा मुलगा जो व्हॅलेन्सियात राहतो तो इंजिनिअर आहे.' बाई म्हणाल्या, "इथे मुलगा या शब्दानंतर स्वल्पविराम हवा. स्वल्पविराम दिला तर अर्थ असा की तुम्हाला एकच मुलगा आहे आणि तो व्हॅलेन्सियात राहतो. नाही दिला तर ऐकणारा समजतो की मुलगे एकाहून जास्त आहेत, आणि तुम्ही त्यातल्या व्हॅलेन्सियातल्याबद्दल बोलता आहात." नियम सरळ आहे. मी मान हलवली, पेन उचललं, आणि स्वल्पविराम देता येईना.

मला दोन मुलगे. थोरला २००९ साली रस्त्यावरच्या अपघातात गेला. तेवीस वर्षांचा होता. तुमच्यापैकी पुष्कळांना हे माहीत आहे, तुम्ही तेव्हा घरी आला होतात. त्यानंतर कुणी नव्या माणसाने 'मुलं किती?' विचारलं की मी 'एक स्पेनला असतो' असं म्हणायचो. खोटं नाही आणि खरंही नाही. मराठीत हे निभावून जातं. 'व्हॅलेन्सियात राहणारा माझा मुलगा' म्हटलं की एक आहे की दोन, कुणी विचारत नाही.

बाई थांबल्या होत्या. मी त्यांना सांगितलं, मोडक्यातोडक्या वाक्यांत. त्या थोड्या वेळाने म्हणाल्या, "मग स्वल्पविराम नको. तुमचं वाक्य बरोबर आहे." पुढे मी विचारलं, 'मला दोन मुलगे आहेत' लिहू की 'होते'? त्या म्हणाल्या, "व्याकरणात दोन्ही बसतं. ते तुम्ही ठरवायचं." मी 'तेंगो' लिहिलं. आहेत.

त्याच आठवड्यात विहीणबाईंना पत्र लिहिलं. त्यात 'एल के' दोनदा आला: जो तुमच्या गावात राहतो तो, आणि जो गेला तो. रविवारी त्यांचा फोन आला. म्हणाल्या, तुमच्या मागे भिंतीवर जो फोटो आहे तो मी पहिल्या दिवसापासून बघते आहे, जावयाने एकदा सांगितलं होतं, पण तुम्हाला विचारायला माझ्याकडे भाषा नव्हती. मग त्यांनी विचारलं, "कोमो एरा?" कसा होता? घरात हा प्रश्न आम्हाला वर्षानुवर्षं कुणी विचारला नव्हता. मी अर्धा तास बोललो. क्रियापदं चुकली, लिंगं चुकली. माझी बायको शेजारी येऊन बसली. तिला स्पॅनिश येत नाही, पण थोरल्याचं नाव तिला ऐकू येत होतं.

आता तुमच्या-माझ्या घरांकडे येतो. आपण बेळगावची, इंदूरची, बडोद्याची, हैदराबादची मराठी माणसं नातवंडांच्या मराठीची काळजी करतो. शब्द विसरतात म्हणतो. माझ्या नातीचं मराठी ऐकताना मला शब्दांची तितकी उणीव जाणवत नाही. ती म्हणते, "आजोबा, कुत्रा आला. कुत्रा काळा होता. मी घाबरली." शब्द आहेत, जोड नाही. माझं पहिल्या सहा महिन्यांतलं स्पॅनिश असंच होतं. बाजारात, फोनवर, सुट्या वाक्यांनी काम भागतं. पण 'जो गेला तो' असं सांगायची वेळ आली की जोड लागते.

म्हणून नातवंडांना 'मराठीत बोल' असं दटावू नका. त्यांना 'क'चा प्रश्न विचारा आणि 'ज'च्या उत्तरासाठी थांबा. कोणता कुत्रा? कोणत्या मैत्रिणीने सांगितलं? हल्ली फोनवर मी हेच करतो. गेल्या महिन्यात नात म्हणाली, "जो कुत्रा काळा होता ना, तो आता माझा मित्र आहे." मी बाईंसारखंच म्हटलं, "तुझं वाक्य बरोबर आहे."

 तिसऱ्या रांगेतल्या पेशंटना विचारतो, कळलं का कशावरचं औषध ते? नसेल कळलं तर दवाखान्यात या, तपासणी फी घेणार नाही.