गुप्ती, शाळा आणि कायदा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत तंजावर येथे दिलेले व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी शस्त्रांविषयी बोलावे, हे काहींना औचित्यास सोडून वाटेल. सरस्वती महाल ग्रंथालय, सरफोजीराजांची विद्याव्यासंगी कारकीर्द, बृहदीश्वराच्या भिंतीवरील मराठी शिलालेख असे कितीतरी गोड विषय या गावी पावलोपावली आहेत. परंतु 'कायद्याविषयी काही सांगा' अशी चिटणीसांची आज्ञा झाली. आम्ही वकील नव्हे. बी. ए. होऊन केंद्र सरकारच्या सेवेत शिरलो आणि बदल्यांबरोबर देश पाहत राहिलो, एवढीच आमची पात्रता. शस्त्रविषयक कायदा आम्ही वाचला तो एका घरगुती प्रसंगामुळे. तो प्रसंग ओघात येईलच.

आपण जेथे जमलो आहोत ते गाव एकेकाळी शस्त्रांचेही गाव होते. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी येथे भोसल्यांची गादी स्थापिली. राजवाड्यातील आयुधागाराचा मनोरा आपण सर्वांनी पाहिला आहे. १८५५ पर्यंत तेथे शस्त्रागार होते. त्या वर्षी दुसरे शिवाजीराजे पुत्रावाचून निवर्तले आणि कंपनी सरकारने सर्व काही ताब्यात घेतले. राणी कामाक्षीबाईसाहेबांनी दाद मागितली. पण १८५९ साली प्रिव्ही कौन्सिलने ती ऐकण्याचा अधिकारच न्यायालयास नाही असे ठरविले. तंजावरच्या शस्त्रांतील काही निवडक नमुने आज चेन्नईच्या सरकारी संग्रहालयात काचेआड पाहावयास मिळतात. पुढे १८७८ च्या कायद्याने साऱ्या हिंदुस्थानालाच निःशस्त्र केले. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र अधिनियम आला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून तो अमलात आहे.

आता मूळ विषयाकडे वळू. मराठीत लपविलेल्या शस्त्राला स्वतंत्र नावच आहे: गुप्ती. तलवार कमरेला लटकते, सर्वांना दिसते. तिच्याशी कसे वागावे हे समोरच्याला ठरविता येते. गुप्ती काठीचे सोंग घेते. कायद्याने हा भेद ओळखला आहे. शस्त्रनियमांच्या परिशिष्टात तलवारीच्या शेजारी कंसात गुप्तीचा वेगळा उल्लेख आहे. खंजीर, भाला, तसेच नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे सुरे त्याच वर्गात येतात. सरकारने ज्या प्रदेशासाठी कलम ४ खाली अधिसूचना काढली असेल तेथे अशी शस्त्रे परवान्यावाचून बाळगणे हा गुन्हा ठरतो. बंदुकीला मात्र सर्वत्रच परवाना लागतो.

मग शाळा-महाविद्यालयांचे काय? १९६२ च्या नियमांत परवान्याच्या नमुन्यावरच एक अट छापलेली असे. जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या खास परवानगीवाचून परवानाधारकाने आपले शस्त्र जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, सार्वजनिक सभेत किंवा कोणत्याही शिक्षणसंस्थेच्या आवारात नेता कामा नये, अशी ती अट. म्हणजे रीतसर परवाना असलेल्या सावकारानेही मुलाच्या स्नेहसंमेलनास येताना पिस्तूल घरी ठेवावे. २०१६ साली नवे नियम आले. त्यांनी सार्वजनिक जागी बंदूक परजण्याची सक्त मनाई केली. परवान्यासाठी वयाची एकवीस वर्षे पूर्ण असावी लागतात, म्हणजे शाळकरी मुलाचा प्रश्नच उद्भवत नाही. आणि तरीही राष्ट्रीय छात्रसेनेचा विद्यार्थी कवायतीत रायफल हाती घेतो, कारण कर्तव्यावरील छात्रास अधिनियमातच सूट आहे. ती रायफल उघड असते, मोजलेली असते, आणि कवायत संपताच कुलपात जाते. शाळेने शस्त्राचे तोंडच पाहू नये असे कायदा म्हणत नाही. लपवून आणू नये, एवढेच त्याचे म्हणणे आहे.

कायद्याला एक अपरिहार्य खिंडारही आहे. केवळ घरकामाचे वा शेतीचे हत्यार 'शस्त्र' या व्याख्येत बसत नाही. बसू तरी कसे शकेल? विळी, कोयता, सुरी यांना परवाना मागितला तर संसार आणि शेती दोन्ही थांबतील. परंतु पुण्यात २०२३ च्या सुमारास 'कोयता टोळी' हा शब्द वृत्तपत्रांत रोजचा झाला आणि त्यांत मिसरूड न फुटलेली पोरे आढळली. अशा वेळी पोलिसांना मनाई आदेशांचा आधार घ्यावा लागतो. महाराष्ट्रात पोलीस अधिनियमाचे कलम ३७ आहे. अन्यत्र पूर्वीचे १४४ कलम होते, ते २०२४ पासून नव्या संहितेत १६३ झाले. हे आदेश तात्पुरते असतात. शाळा बारमाही चालते.

आपल्या तमिळनाडूतही हा प्रश्न कागदावर राहिलेला नाही. २०१२ च्या फेब्रुवारीत चेन्नईच्या एका शाळेत नववीतील मुलाने वर्गातच शिक्षिकेचा चाकूने प्राण घेतला. ऑगस्ट २०२३ मध्ये तिरुनेलवेली जिल्ह्यातील नांगुनेरी येथे बारावीतील एका दलित विद्यार्थ्यावर त्याच्याच शाळासोबत्यांनी रात्री घरात घुसून कोयत्याने वार केले. बहीण आडवी आली, तीही जखमी झाली. शाळेच्या फाटकावर कितीही झडती घेतली असती तरी हा हल्ला टळला नसता. शासनाने निवृत्त न्यायमूर्ती के. चंद्रू यांची एकसदस्य समिती नेमली. जून २०२४ मधील तिच्या अहवालात, जात दर्शविणारे मनगटावरील रंगीत गंडे विद्यार्थ्यांनी बांधू नयेत, अशी एक शिफारस आहे. शस्त्र हाती येण्याआधी मनात काय येते, तिकडे समितीचे लक्ष गेले हे आम्हांस महत्त्वाचे वाटते. तो जखमी मुलगा पुढच्याच वर्षी बारावीची परीक्षा उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाला.

आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे अमेरिकेत आहेत. तिकडचेही थोडे सांगतो. शाळेच्या परिसरात बंदूक बाळगू नये असा केंद्रीय कायदा तेथे १९९० साली झाला. टेक्सासमधील एका बारावीच्या विद्यार्थ्याने लपवून रिव्हॉल्व्हर आणल्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो १९९५ साली रद्द केला, कारण संसदेला तो अधिकारच नाही असे बहुमताचे मत पडले. पुढे दुरुस्ती करून तो पुन्हा आणावा लागला. २००७ साली व्हर्जिनिया टेक विद्यापीठात बत्तीस जण मारले गेले. तमिळनाडूत जन्मलेले प्राध्यापक लोगनाथन त्यांत होते. यानंतर काही राज्यांनी विद्यापीठांतील बंदी अधिक कडक केली, तर टेक्साससारख्या राज्याने २०१६ पासून परवानाधारकास सरकारी विद्यापीठात पिस्तूल नेण्याची मुभा दिली, मात्र ते लपवूनच न्यावे या अटीवर! आपला कायदा ज्यास दोष मानतो, तीच तेथे अट झाली. उलट ब्रिटनमध्ये १९९६ पासून शाळेच्या आवारात सबळ कारणावाचून पाते वा टोकदार हत्यार बाळगणे हाच स्वतंत्र गुन्हा आहे.

आता तो घरगुती प्रसंग. आमच्या आजोबांची एक आखूड गुप्ती होती. सातारा जिल्ह्यात त्यांना रात्री-अपरात्री गावोगाव फिरावे लागे, तेव्हाची. बदलीच्या प्रत्येक गावी ती आमच्या वळकटीतून आली आणि कपाटामागे उभी राहिली. दर शिवजयंतीला आम्ही मुलाला १० नोव्हेंबर १६५९ ची प्रतापगडची हकीकत सांगत असू आणि वाघनखांपाशी आलो की आमचा आवाज आपोआप चढे. सात-आठ वर्षांपूर्वी, मुलगा दहावीत असताना, मुख्याध्यापकांनी आम्हांस बोलावून घेतले. त्यांच्या टेबलावर चित्रकलेच्या कागदाचे नळकांडे होते आणि त्यात आजोबांची गुप्ती होती.

ते वृद्ध तमिळ गृहस्थ शांतपणे म्हणाले, "सार, याने हे कोणावर उगारलेले नाही. पण चार दिवस हे त्याच्याजवळ आहे. का, ते तुम्ही विचारा."

आम्ही विचारले. बस थांब्यावर चार मोठी मुले महिनाभर त्याला अडवीत होती, पैसे घेत होती. "बाबा, मी तुम्हांला सांगितलं होतं," तो म्हणाला. खरेच सांगितले होते. आम्ही वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हटले होते, "मराठी पोर ना तू? घाबरतोस काय?" त्याने ते शब्द मनावर घेतले होते.

त्या रात्री आम्ही अधिनियम उघडला. एखाद्या क्षणी ती गुप्ती म्यानाबाहेर आली असती तर आमचा मुलगा बाल न्याय मंडळासमोर उभा असता, आणि थांब्यावरच्या कोणाचे तरी पोर रुग्णालयात किंवा त्याहूनही दूर गेले असते. प्रतापगडी दोन सशस्त्र शत्रूंची गाठ होती, मागे राज्य पणाला लागले होते. हे सांगावयास आम्ही कधी थांबलोच नव्हतो. आमच्या कथेत फक्त वाघनखे होती.

दुसऱ्या दिवशी गुप्ती घेऊन आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. बाळगणे कायदेशीर नसलेले शस्त्र जमा करण्याची सोय अधिनियमाच्या कलम २१ मध्ये आहे. अधिकाऱ्याने नोंद केली, पावती दिली. मुख्याध्यापकांनी मुलाला शाळेतून काढले नाही. अमेरिकेत बंदूक आणणाऱ्या विद्यार्थ्यास साधारणपणे वर्षभर काढावे असा १९९४ चा कायदा आहे. आपल्याकडे निर्णय पुष्कळसा मुख्याध्यापकाच्या शहाणपणावर असतो आणि आमच्या नशिबी ते शहाणपण होते. त्यांनी त्या चार मुलांच्या पालकांनाही बोलाविले. पुढील महिनाभर एक शिक्षक आणि एक पालक आळीपाळीने थांब्यावर उभे राहत. आम्हीही उभे राहिलो. त्रास थांबला.

परक्या मुलखात वाढणाऱ्या आपल्या मुलांना आपण पूर्वजांच्या पराक्रमाच्या कथा सांगतो, आणि सांगाव्यातच. भाषेइतकाच तो वारसा आहे. पण घरापासून दूर असलेले पोर भाषेवरून, रंगावरून, डब्यातल्या भाजीवरून चिडविले जाते, तेव्हा त्याला प्रथम आपले कान हवे असतात. शस्त्राची बंदी कायदा करील. भीतीची चौकशी घरानेच करावयाची आहे. शाळेनेही दप्तर तपासावे, परंतु तपासणाऱ्याने 'का?' हेही विचारावे.

मुलगा आता पुण्यास नोकरी करतो. गेल्या दिवाळीत आला तेव्हा कपाट आवरताना ती पावती त्याच्या हाती लागली. "ही ठेवलीत अजून?" त्याने विचारले. आम्ही म्हटले, "आजोबांची गुप्ती गेली, घरात आता हीच राहू दे."