परिचारिकेचे निदान

निदान करावे ते वैद्याने आणि परिचारिकेने केवळ त्याच्या आज्ञा पाळाव्या, ही समजूत फार जुनी आहे. १९७३ साली अमेरिकेत सेंट लुईस येथे भरलेल्या परिषदेने शुश्रूषेच्या निदानांचे वर्गीकरण हाती घेतले आणि परिचारिकेचे स्वतंत्र निदान हळूहळू रूढ झाले.

हे निदान म्हणजे एकच वाक्य. परंतु रुग्णाची अडचण, तिचे कारण आणि दिसणारी लक्षणे ही तिन्ही त्यात यावी लागतात. खरी कसोटी लागते ती कारणापाशी. पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या एखाद्या रुग्णाच्या छातीत घरघर आहे, कफ सुटत नाही. कारणाच्या जागी नुसते ‘न्यूमोनिया’ लिहिले, तर तो वैद्याचा प्रांत झाला. परिचारिकेने काय करावे हे त्यातून कळत नाही. ‘टाके दुखतात म्हणून खोकणे टाळतो’ असे लिहिले, की वेदनाशामक औषधाची वेळ साधून, पोटावर उशी धरून त्याला खोकावयास लावता येते. कफच घट्ट असेल, तर मात्र या उशीचा फारसा उपयोग नाही. वैद्यांची मनाई नसल्यास पाणी अधिक पाजावे लागेल. तेव्हा लेखणी उचलण्यापूर्वी खोकताना कोठे दुखते, हे रुग्णालाच विचारलेले बरे.