कातडं भरून कसं येतं
(वसंत व्याख्यानमालेत गोवंडी येथे दिलेले व्याख्यान)



त्वचेवर बोलायला गोवंडीइतकी योग्य जागा नाही, असं मला मनापासून वाटतं. देवनारचा कत्तलखाना १९७१ पासून आपल्या शेजारी आहे. तिथली कातडी वर्षानुवर्षं धारावीत कमावली गेली आणि तिचे बूट, पट्टे, पिशव्या झाल्या. कातडं कमावता येतं आणि टिकतं ते त्यातल्या कोलॅजन नावाच्या प्रथिनामुळे. तुमच्या-माझ्या अंगावरच्या त्वचेलाही बळ देतं ते हेच. त्वचेतलं सगळं पाणी काढून टाकलं, तर उरलेल्या वजनाचा सुमारे पाऊण हिस्सा कोलॅजनचा असतो.

या कोलॅजनची रचना उलगडली ती मद्रासमध्ये. जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी १९५४ आणि १९५५ साली दाखवून दिलं की कोलॅजन म्हणजे एकमेकींभोवती वळलेल्या तीन साखळ्या आहेत आणि प्रत्येक साखळीत दर तिसऱ्या जागी ग्लायसिन हे सगळ्यात छोटं अमिनो आम्ल बसलेलं आहे. त्यासाठी त्यांना हवा असलेला कांगारूच्या शेपटीचा स्नायुबंध मिळाला तो शेजारच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेतून. कातड्याच्या धंद्यासाठी उभ्या राहिलेल्या संस्थेनं जगातल्या एका मोठ्या शोधाला हात दिला, ही गोष्ट इथल्या मुलांना शाळेत सांगायला हवी.

कोलॅजनसारख्या प्रथिनावरून आता पेप्टाइडकडे येतो. अमिनो आम्लांची लांबलचक साखळी म्हणजे प्रथिन, आणि तिचा आखूड तुकडा म्हणजे पेप्टाइड. मधुमेहासाठी आपण टोचून घेतो ते इन्सुलिन ५१ अमिनो आम्लांचं आहे. शरीरात असे तुकडे निरोप्याचं काम करतात. जखम झाली, कोलॅजन तुटलं, की त्याचे तुकडे आणि रक्तातले काही घटक आसपासच्या पेशींना कळवतात की इथं मोडतोड झाली आहे, कामाला लागा.

अशा दोन निरोपांची गोष्ट सांगतो. अमेरिकेत स्टॅन्ली कोहेन उंदरांच्या लाळग्रंथीचा अर्क नवजात पिल्लांना टोचत होते. त्या पिल्लांचे डोळे नेहमीपेक्षा लवकर उघडू लागले. एवढ्या बारीकशा निरीक्षणाचा त्यांनी पिच्छा पुरवला, आणि १९६२ मध्ये त्यातून त्वचेच्या पेशी वाढवणारा घटक हाती आला. त्यालाच ईजीएफ म्हणतात. त्यात ५३ अमिनो आम्लं आहेत. कोहेन यांना १९८६ मध्ये रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांच्यासह नोबेल मिळालं. दुसरा निरोप लॉरेन पिकार्ट यांना १९७३ मध्ये माणसाच्या रक्तद्रवात सापडला. तो फक्त तीन अमिनो आम्लांचा आहे, तांब्याशी पटकन जोडला जातो आणि वयाबरोबर रक्तातून कमी होत जातो. सीरमच्या बाटलीवर ‘कॉपर पेप्टाइड’ लिहिलेलं दिसतं, तो हाच.

इथं एक अडचण उभी राहते, आणि आजच्या भाषणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे. आपल्या त्वचेच्या अगदी वर मृत पेशींचा, केसाहूनही पातळ असा थर असतो. बाहेरचं आत जाऊ न देणं हेच त्याचं काम. रेणूचं वजन डाल्टनमध्ये मोजतात; साधारणपणे ५०० डाल्टनपेक्षा जड रेणूला तो दाद देत नाही. तांब्यासकट ते तीन आम्लांचं पेप्टाइड सुमारे ४०० डाल्टनचं आहे, म्हणजे ते थोडंफार आत झिरपू शकतं. ईजीएफ सहा हजारांच्या वर जातं. अखंड कोलॅजन तर तीन लाखांच्या घरात आहे. ‘कोलॅजन क्रीम’ चेहऱ्यावर चोळलं तर ते वर बसून ओलावा धरून ठेवेल. आतल्या कोलॅजनमध्ये त्यानं कणभरही भर पडणार नाही.

जखमेचं मात्र वेगळं. भाजलेल्या जागी, मधुमेह्याच्या पायाच्या व्रणात तो वरचा थरच उरलेला नसतो. तिथं मोठा निरोप्याही थेट पेशीपर्यंत पोहोचतो. म्हणून ईजीएफचं जेल सुरकुत्यांसाठी नव्हे, तर जखमांसाठी औषध ठरलं. हैदराबादच्या भारत बायोटेकनं ते ‘रिजेन-डी’ या नावानं आणलं. पायाच्या व्रणावर ते मदत करतं; पण साखर आटोक्यात नसेल, जखम साफ होत नसेल आणि रुग्ण त्याच पायावर भार टाकत राहिला, तर कुठलंही जेल तो पाय वाचवू शकत नाही.

मग चेहऱ्याचं काय? बहिणींनो, तुम्ही हे विचारणार आणि विचारायलाच हवं. पेप्टाइडच्या सीरमनं थोडा फरक पडतो, असं काही छोट्या अभ्यासांत दिसलं आहे. त्याहून भक्कम पुरावा उन्हापासून बचाव करणाऱ्या क्रीमचा आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या ट्रेटिनॉइन या औषधाचा आहे. उन्हातले अतिनील किरण त्वचेत असं एन्झाइम जागं करतात की ते कोलॅजन कापत सुटतं. ते थांबवलं नाही, तर वरून लावलेलं सगळं वाया जातं. कोलॅजनची पावडर खाण्याचं म्हणाल, तर पोटात तिचे तुकडे होतात. त्वचा सुधारल्याचं सांगणारे पुष्कळ अभ्यास कंपन्यांच्या पैशानं झालेले आहेत. तो पैसा नसलेले अभ्यास वेगळे काढून पाहिले की फायदा दिसेनासा होतो. डाळ, अंडी, मासे आणि आवळा-पेरूतलं क जीवनसत्त्व यांतून शरीर आपलं कोलॅजन स्वतः घडवतं.

टोचायच्या पेप्टाइडबद्दल मी कठोरच बोलणार. बीपीसी-१५७ नावाच्या कुप्या ‘स्नायू भरून येतात, सांधे बरे होतात’ असं सांगून जिममधल्या पोरांना विकल्या जातात. त्यावरचे प्रयोग बहुतांश उंदरांवरचे आहेत. भारतात ते मंजूर औषध नाही. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेनं २०२२ पासून खेळाडूंसाठी त्यावर बंदी घातली आहे. कुपीवर ‘फक्त संशोधनासाठी’ असं छापलेलं असतं आणि सुई माणसाच्या दंडात जाते. आपला १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा सौंदर्यप्रसाधन कशाला म्हणतो? जे चोळायचं, ओतायचं, शिंपडायचं, फवारायचं, त्याला. सुईनं टोचायचं ते त्यात बसतच नाही. पार्लरमध्ये कोणी इंजेक्शन पुढे केलं, तर उठून घरी या.

कातडं खरोखर भरून आणण्याचं मोठं काम या शहरात कुठं झालं, ते आता ऐका. परळच्या वाडिया मुलांच्या रुग्णालयात डॉ. एम. एच. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालांची पट्टी भाजलेल्या मुलांसाठी वापरली आणि १९८५ मध्ये ते काम जगापुढे मांडलं. साल ओलसर राहते, जखमेला चिकटत नाही आणि काढताना मूल किंचाळत नाही. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाची पट्टी तपासून पाहिली. ती बटाट्याइतकीच गुणकारी आणि कितीतरी स्वस्त निघाली. मात्र या पट्ट्या रुग्णालयात नीट निर्जंतुक करून वापरल्या जातात. घरी जखमेवर बटाटा, टूथपेस्ट, शाई काहीही लावू नका. भाजल्यावर नळाचं वाहतं पाणी वीस मिनिटं, आणि मग दवाखाना.

टाटा रुग्णालयाची ऊती पेढी १९८८ पासून आहे. बाळंतपणात वारेबरोबर बाहेर पडणारं, गर्भाभोवतीचं तलम आवरण मातांच्या संमतीनं तिथं घेतलं जातं, तपासून सुकवलं जातं आणि गॅमा किरणांनी निर्जंतुक केलं जातं. ते किरण देणारं आयसोमेड केंद्र आपल्या शेजारी ट्रॉम्बेलाच आहे आणि १९७४ पासून चालू आहे. त्या आवरणात ईजीएफसारखे निरोपे निसर्गानंच भरून ठेवलेले असतात. एरवी फेकून दिली जाणारी वस्तू जखमेवरची उत्तम पट्टी होते. या परिसरातल्या एखाद्या बाईच्या बाळंतपणातून कुणा अनोळखी माणसाची जखम भरून यावी, याहून मोठं मला काही सुचत नाही.

पण अंग निम्म्याहून जास्त भाजलं असेल, तर जेल पुरत नाही आणि आवरणही पुरत नाही. तिथं माणसाचीच त्वचा लागते. डॉ. गोरे यांच्या पुढाकारानं २००० साली शीवला देशातली पहिली त्वचा पेढी सुरू झाली. ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही पेढी आहे. दान केलेली त्वचा ग्लिसरॉलमध्ये, थंड तापमानात पाच वर्षांपर्यंत टिकते. रक्तगट जुळवावा लागत नाही. काही आठवड्यांनी शरीर ती झटकून टाकतं, पण तेवढ्या काळात जंतू आत शिरत नाहीत, अंगातलं पाणी आटत नाही आणि रुग्णाची स्वतःची त्वचा लावायला वेळ मिळतो. देशात दरवर्षी सुमारे ७० लाख माणसं भाजतात, असा सरकारी कार्यक्रमाचा अंदाज आहे. पेढ्यांतली त्वचा त्यापुढे फारच थोडी आहे.

मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांड्या आणि पाठीवरचा अगदी पातळ थर काढून घेतात. त्याला तासभरही लागत नाही. रक्त वाहत नाही, चेहऱ्याला हात लागत नाही, नंतर पट्टी बांधून देतात. अठरा वर्षांच्या पुढे कितीही वय चालतं, मधुमेह आणि रक्तदाबही चालतो. एचआयव्ही, कावीळ ब आणि क, त्वचेचा कर्करोग असेल तर घेत नाहीत. निर्णय शेवटी घरच्यांनाच घ्यावा लागतो, म्हणून आपली इच्छा त्यांना आधी माहीत हवी. आज घरी गेल्यावर ती सांगा, आणि शीव किंवा ऐरोलीच्या त्वचा पेढीचा नंबर फोनमध्ये जतन करून ठेवा.